एक दिवसाचं शिबिर नको, दहा आठवडे द्या: शारीरिक शिक्षण अभ्यास मंडळांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व सर्व सदस्य,
शारीरिक शिक्षण अभ्यास मंडळे,
महाराष्ट्रातील अकृषी विद्यापीठे

विषय: आरोग्य व स्वास्थ्य अभ्यासक्रमाला सामुदायिक सेवेची जोड देण्याबाबत

स.न.वि.वि.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अकराव्या प्रकरणात सामुदायिक सहभाग व सेवा यांना श्रेयांक (क्रेडिट) देण्याची सूचना आहे. २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने राज्यातल्या पदवी अभ्यासक्रमात दोन दारं उघडली. एक, अभ्यासपूरक विषयांत आरोग्य व स्वास्थ्य, योग, क्रीडा. दुसरं, सामुदायिक सहभाग प्रकल्प. दोन्ही गोष्टी कागदावर शेजारी-शेजारी आहेत, पण एकमेकींना भेटत नाहीत. व्यायामाचा तास मैदानावर संपतो आणि प्रकल्प म्हणून विद्यार्थी कुठल्या तरी गावात प्रभातफेरी काढून येतात. व्यायाम आणि आरोग्य हा विषय शिकवणारे आम्ही अध्यापक आणि फिजिओथेरपिस्ट आपणांस विनंती करतो, की या दोन्हींचा एकच अभ्यासक्रम करा, आणि त्यात सेवेचं एकक ‘शिबिर’ न ठेवता ‘एकाच ठिकाणी, त्याच माणसांबरोबर, सलग दहा आठवडे’ असं ठेवा. हे का आणि नेमकं कसं, ते पुढे मांडतो.

आज प्रकल्पाच्या नावाखाली बहुतेक ठिकाणी एक दिवसाचं आरोग्य शिबिर होतं. मंडप, फलक, वजनकाटा, रक्तदाबाचं यंत्र, पाहुण्यांचं भाषण. दोनशे जणांची तपासणी झाली असा अहवाल जातो. त्यातल्या कुणाचाही रक्तदाब त्या एका आकड्यावरून ठरवता येत नाही, आणि ज्यांचा खरोखर जास्त निघाला त्यांनी पुढे कुठे जायचं हे कुणी सांगत नाही. व्यायामाचा परिणाम दिसायला तर आठवडे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना ६५ वर्षांवरच्या लोकांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारा व्यायाम सांगतात. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०१९ च्या कोक्रेन आढाव्यानुसार अशा नियमित व्यायामाने वृद्धांच्या पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटतं. एक सकाळ फिरवून आणल्याने यातलं काहीच होत नाही, आणि विद्यार्थ्यालाही शिकवण्यातलं काही येत नाही.

सेवेची गरज कुठे आहे हे शोधायला नवं सर्वेक्षण नको. आशाताई तीस वर्षांवरील प्रत्येकाची जी समुदाय-आधारित तपासणी सूची भरतात, त्यात एक प्रश्न असतो: आठवड्याला किमान १५० मिनिटं शारीरिक हालचाल होते का? उत्तर ‘नाही’ आलं की एक गुण वाढतो, एकूण गुण चारच्या वर गेले की त्या व्यक्तीला तपासणीसाठी प्राधान्याने पाठवतात. मात्र त्या ‘नाही’चं पुढे काय करायचं, यासाठी आशाताईंच्या हातात काही नसतं. गावात व्यायामाचा वर्ग नसतो, शिकवणारा नसतो. आपल्या महाविद्यालयात त्याच वेळी शेकडो मुलं व्यायामशास्त्र शिकत असतात. जोडायचं आहे ते हे.

आमचा आग्रह आहे की सुरुवात ज्येष्ठांपासून करावी. शाळांमध्येही काम करता येईल, बचत गटांबरोबरही; पण ज्येष्ठांची वेळ जुळते, बसण्या-उठण्यातला फरक दहा आठवड्यांत मोजता येतो, आणि शहरात विरंगुळा केंद्र तर गावात समाजमंदिर अशी जागा तयार असते. बीड, अहिल्यानगर भागातल्या ज्या गावांतली तरणी माणसं ऊसतोडीला जातात, तिथे हिवाळाभर म्हातारी माणसं आणि लहान मुलंच मागे राहतात. तिथे या कामाला फार अर्थ आहे.

दोन श्रेयांकांचे प्रात्यक्षिकाचे साठ तास होतात. त्यांची विभागणी अशी करावी. पहिले बारा तास महाविद्यालयातच कौशल्यांच्या तयारीला. आठ तास मोजमापाला, चार सुरुवातीला, चार शेवटी. दहा आठवडे, आठवड्याला तीन सत्रं, प्रत्येकी एक तास, म्हणजे तीस तास प्रत्यक्ष वर्ग. उरलेले दहा तास दर आठवड्याच्या चर्चेला. प्रवासाचा वेळ यात धरू नये. म्हणून ठिकाण महाविद्यालयापासून वीस मिनिटांच्या आत असावं. लांबचं गाव निवडलं की तिसऱ्या आठवड्यापासून एसटीच्या वेळेचं कारण सुरू होतं आणि सत्रं गळू लागतात.

एका अध्यापकाकडे २४ विद्यार्थी, त्यांचे सहा-सहांचे चार गट, प्रत्येक गटाला एक ठिकाण आणि १२ ते १५ ज्येष्ठ. सहा जणांत दोघं शिकवतात, दोघं फक्त लक्ष ठेवतात, म्हणजे कोण डगमगतंय, कोणाचा श्वास चढलाय ते पाहतात. एक जण नाडी आणि रक्तदाब पाहतो, एक नोंदी ठेवतो. दर आठवड्याला कामं बदलायची. लक्ष ठेवणाऱ्या दोघांना ‘काही काम नाही’ म्हणून शिकवण्याकडे वळवण्याचा मोह होतो. ती चूक करू नये, कारण पडण्याचा धोका तोलाचा व्यायाम करतानाच सर्वांत जास्त असतो.

तयारीच्या बारा तासांत काय शिकवायचं, याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण अभ्यासक्रमाच्या मसुद्यांत इथे ‘प्रशिक्षण’ एवढाच एक शब्द असतो.

तीन मोजमापं पुरेशी आहेत. पहिलं, तीस सेकंद खुर्चीतून उठ-बस. खुर्ची हातांची नको, बैठकीची उंची सुमारे ४३ सेंटिमीटर, पाठ भिंतीला टेकवलेली. प्लॅस्टिकची खुर्ची गुळगुळीत फरशीवर मागे सरकते आणि वजनाने वाकतेही. लाकडी किंवा लोखंडी मिळाली तर तीच घ्यावी. हात छातीवर आडवे धरायचे, पूर्ण उभं राहायचं, पूर्ण बसायचं. तीस सेकंद संपताना माणूस अर्ध्याहून जास्त उठलेला असेल तर ती उठ-बस मोजायची. हाताचा आधार घेतला तर शून्य लिहायचं. वाईट वाटतं म्हणून विद्यार्थी तिथे ‘पाच’ लिहितात, आणि मग दहा आठवड्यांनी खरी झालेली सुधारणा दिसेनाशी होते. ६५ ते ६९ वयात पुरुषांसाठी बारापेक्षा कमी आणि स्त्रियांसाठी अकरापेक्षा कमी आल्यास पायातली ताकद कमी आहे असं धरतात.

दुसरं, उठून चालण्याची चाचणी. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे. काठी रोज वापरत असतील तर काठीसकट. घड्याळ ‘चला’ म्हटल्याक्षणी सुरू करायचं, माणूस उठल्यावर नाही. विद्यार्थी प्रेमाने ‘चला आजी, पटापट’ म्हणतात आणि चाचणी बिघडते; नेहमीच्या चालीने चालायचं आहे, एवढंच सांगावं. नऊवारी नेसणाऱ्या आणि पायघोळ गोल साडी नेसणाऱ्या बाईंचं पाऊल वेगळं पडतं. म्हणून कपडे आणि पायातली चप्पल दोन्ही मोजणींत सारखीच असावी आणि तशी नोंद करावी.

तिसरं, रक्तदाब. दंडावर बांधायचं यंत्र, मनगटाचं नको. पट्टा दोन मापांचा हवा, २२ ते ३२ आणि ३२ ते ४२ सेंटिमीटर. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा खोटा वाढतो. आधी पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठीला टेका, पावलं जमिनीवर, हात टेबलावर हृदयाच्या पातळीत. अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू झालेली नसावी, लघवीला लागलेली नसावी. बोलण्यानेही आकडा वर जातो, म्हणून यंत्र चालू असताना ‘कुठलं गाव तुमचं’ हा प्रश्न नको. ब्लाउजची तंग बाही वर सरकवली तर ती दंडाला करकचते. अशा वेळी पातळ कापडावरूनच पट्टा बांधलेला बरा. दोन मोजण्या, मध्ये एक मिनिट.

वेगवेगळ्या दोन दिवशी १४०/९० किंवा जास्त आला तर चिठ्ठी देऊन आयुष्मान आरोग्य मंदिरातल्या (जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रातल्या) समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडे पाठवायचं. १८०/११० किंवा त्याहून जास्त असेल तर त्या दिवशी व्यायाम नाही, त्याच दिवशी डॉक्टर. छातीत दुखणं, एका बाजूचा हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं असं काही दिसलं तर थेट १०८. ही चिठ्ठी छापलेली असावी, आणि तिचं पुढे काय झालं हे पुढच्या सत्रात विचारलं जावं. विद्यार्थ्यांनी गोळ्यांबद्दल एक शब्दही बोलू नये. गळ्यात ओळखपत्र आणि हातात यंत्र दिसलं की लोक त्यांना डॉक्टर समजतात, आणि ‘ही गोळी सोडली तर चालेल का’ हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात येतो.

बारा तासांच्या शेवटी परीक्षा घ्यावी. दोन विद्यार्थ्यांनी एकाच व्यक्तीचं स्वतंत्रपणे मोजमाप करायचं. उठ-बशीत एकापेक्षा जास्त आणि चालण्यात अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा सराव. ही परीक्षा पार केल्याशिवाय कुणालाही बाहेर पाठवू नये, हे अभ्यासक्रमातच लिहिलेलं असावं.

आता व्यायामाबद्दल. आपल्याकडे सामूहिक व्यायाम म्हटलं की सूर्यनमस्कार आणि कपालभाती ठरलेली. तरुणांसाठी उत्तम. पण ज्यांची हाडं ठिसूळ झाली आहेत त्यांच्या मणक्याला पाठ गोल करून पुढे वाकणं धोक्याचं, काचबिंदू असलेल्यांना डोकं खाली नेणं वर्ज्य, आणि आटोक्यात नसलेल्या रक्तदाबात जोरकस श्वसन नको. म्हणून आमचं सत्र साधं आहे. आठ मिनिटं जागच्या जागी चालणं आणि सांधे मोकळे करणं. पंधरा मिनिटं ताकद: खुर्चीतून उठ-बस आठ-आठच्या दोन फेऱ्या, टाचा उचलणं दहा, भिंतीला हात लावून दंड दहा, एक लिटर पाण्याची भरलेली बाटली घेऊन हात वर-खाली दहा. आकडे मोठ्याने मोजायला लावायचे. मोजणारा माणूस श्वास कोंडून धरत नाही. बारा मिनिटं तोल: पावलं जवळ, मग एक पाऊल दुसऱ्याच्या अर्धं पुढे, मग एकामागे एक सरळ रेषेत, शेवटी एका पायावर. प्रत्येकी दहा सेकंद, समोर खुर्चीची पाठ. नंतर दहा मिनिटं चालणं, पाच मिनिटं सावकाश थांबणं. उरलेली दहा मिनिटं हजेरी, विचारपूस आणि पाणी.

इथे एक गोष्ट हमखास बिघडते. गट घाबरून दहाही आठवडे दोन्ही हातांनी खुर्ची धरूनच तोल करवतो. मग तोल सुधारत नाही. पहिले तीन आठवडे दोन हात, पुढचे तीन एक हात, मग बोटांची टोकं. ज्याला जमेल त्याने हात खुर्चीच्या वर नुसते धरायचे. ज्याला जमत नाही तो मागच्याच पायरीवर राहील, सगळ्यांना एकत्र पुढे ढकलायचं नाही. इतर दिवशी घरी स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून हेच करायला सांगावं, कारण तीन तासिकांत तोलाच्या वाट्याला जेमतेम छत्तीस मिनिटं येतात.

श्रम किती झाले हे नाडीवरून ठरवू नये. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉलसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर नाडी फारशी वाढत नाही. बोलता येतंय पण गाता येत नाही, एवढा दम लागला की पुरे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांनी उपाशीपोटी यायचं नाही, रक्तातली साखर उतरू शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं बोलणं दिसलं तर व्यायाम थांबवून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं, बरं वाटलं नाही तर पुन्हा द्यायची. शुद्ध हरपत असेल तर तोंडातून काही न देता १०८. साखरेचा डबा, दोन यंत्रं, न ताणणारी मोजपट्टी, चिकटपट्टी आणि जास्तीच्या बॅटऱ्या एवढं सामान प्रत्येक ठिकाणी लागतं. यंत्रं सोडली तर खर्च किरकोळ आहे.

काम सम शैक्षणिक सत्रात ठेवावं, डिसेंबरअखेर ते मार्च. पावसाळ्यात समाजमंदिराची फरशी ओली, गणपती आणि दिवाळीत खंड. एप्रिलनंतर विदर्भ-मराठवाड्यात उन्हामुळे सत्रच शक्य नाही. वेळ लोकांना विचारून ठरवावी. सकाळी पाणी आणि स्वयंपाक यांतून बायकांना सवड नसते, वेळापत्रकाच्या सोयीने सकाळी सात ठरवलं तर वर्गात फक्त पुरुष दिसतील. साधारण संध्याकाळचे साडेचार-पाच जुळतात. अंधार पडायच्या आत विद्यार्थी, विशेषतः मुली, परत निघालेल्या असाव्यात, आणि कुणालाही एकटं पाठवू नये. विद्यार्थी अपघात विम्यात महाविद्यालयाबाहेरचं काम धरलं आहे का, हे प्राचार्यांनी आधी लेखी तपासून घ्यावं.

ज्येष्ठांची संमती मराठीत, लेखी; वाचता येत नसेल तर वाचून दाखवून अंगठा. नावं एका वहीत, मोजमापं दुसऱ्या वहीत क्रमांकाने. मोजमाप चालू असताना फोटो नको, आणि कुणाचा आकडा सगळ्यांसमोर मोठ्याने सांगू नये. हे पाळलं नाही तर दुसऱ्या आठवड्यात निम्मे लोक येत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच असतं.

गुणांकनाबद्दल आमचं मत ठाम आहे. किती लोकांची तपासणी केली यावर गुण नकोत, आणि ज्येष्ठांमध्ये किती सुधारणा झाली यावरही नकोत. सुधारणेवर गुण ठेवले की वहीतले अकरा शेवटच्या दिवशी तेरा होतात. शिवाय चाचणी दुसऱ्यांदा देताना माणूस सवयीनेच थोडी बरी देतो. म्हणून पहिल्या मोजणीआधी प्रत्येकाला एकदा सराव द्यायलाच हवा. पन्नास गुणांपैकी पंधरा मैदानात उतरण्याआधीच्या कौशल्य परीक्षेला, पंधरा अध्यापकाने न सांगता येऊन पाहिलेल्या दोन सत्रांना, दहा साप्ताहिक नोंदींना, दहा शेवटी ज्येष्ठांसमोरच मराठीत केलेल्या मांडणीला, असं आम्ही सुचवतो. नोंद म्हणजे ‘आज सत्र छान झाले, आजी-आजोबा आनंदी होते’ हे नव्हे. ‘१४ पैकी ९ आले. गुरुवारी आठवडी बाजार असतो, पुढच्या आठवड्यापासून शुक्रवार. टाचा उचलताना तिघं पुढे झुकतात, खुर्ची जवळ घेतली’, ही नोंद. पहिलीला शून्य आणि दुसरीला पूर्ण गुण देण्याची तयारी अध्यापकाची हवी.

शैक्षणिक सत्र संपलं की महाविद्यालय गायब होतं, ही लोकांची सर्वांत जुनी तक्रार आहे आणि ती खरी आहे. व्यायाम थांबला की कमावलेली ताकद काही आठवड्यांत ओसरू लागते. त्यावर उपाय अभ्यासक्रमाच्या आतच हवा. सहाव्या आठवड्यापासून सुरुवातीचा भाग ज्येष्ठांपैकीच एकाने घ्यावा. आठव्यापासून त्यांच्यातले दोघं-तिघं पूर्ण सत्र चालवतील आणि विद्यार्थी मागे उभे राहतील. ज्येष्ठ नागरिक संघाशी किंवा ग्रामपंचायतीशी करार एका वर्षाचा नको, तीन वर्षांचा असावा, आणि पुढच्या वर्षीची तुकडी त्याच ठिकाणी जावी. नवं ठिकाण दाखवून अहवाल सजवण्याची गरज कुणालाच नाही.

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे, वर्षाला १२० तासांचं काम आणि सात दिवसांचं विशेष शिबिर तिच्या रचनेतच आहे, मग हे वेगळं कशाला, असं काही सदस्य विचारतील. आमचं म्हणणं इतकंच, की योजनेत विद्यार्थी श्रम आणि वेळ देतो; इथे तो वर्गात शिकलेलं कौशल्य देतो, आणि ते त्याला येतं की नाही हे तपासलं जातं. दोन्ही राहू द्यावं. फक्त एकाच कामाचे तास दोन्हीकडे दाखवता येणार नाहीत, अशी तरतूद करावी.

सगळ्यात अवघड भाग मनुष्यबळाचा. बहुतेक महाविद्यालयांत शारीरिक शिक्षण संचालक एकच असतो. पहिल्या वर्षाच्या चारशे मुलांना हा प्रकल्प सक्तीचा केला तर पुन्हा प्रभातफेरीच होईल. म्हणून तो आरोग्य व स्वास्थ्य विषय आधी पूर्ण केलेल्या, दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ऐच्छिक ठेवावा, आणि दर २४ विद्यार्थ्यांमागे आठवड्याचे चार तास अध्यापकाच्या कार्यभारात अधिकृत धरावेत. पंधरा आठवड्यांचे साठ तास होतात ते असेच. कार्यभार न देता ‘सामाजिक बांधिलकी’ म्हणून हे काम मागितलं तर ते पहिल्या वर्षी होईल, दुसऱ्या वर्षी कागदावर उरेल. जवळ फिजिओथेरपी महाविद्यालय असेल तर त्यांच्या अध्यापकांनी तयारीचे बारा तास आणि कौशल्य परीक्षा घ्यावी, असा करार विद्यापीठ स्तरावर करता येईल.

आपल्याकडून आम्हाला हवं आहे ते एवढं: दोन श्रेयांकांच्या या अभ्यासक्रमाचा मसुदा अभ्यास मंडळाच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, एका ठिकाणी किमान दहा आठवड्यांची अट त्यात लिहावी, कौशल्य परीक्षा सक्तीची करावी आणि कार्यभाराची शिफारस विद्या परिषदेकडे पाठवावी. विद्या परिषदेची मंजुरी जूनपूर्वी मिळाली तर पहिलं शैक्षणिक सत्र महाविद्यालयांना ठिकाणं ठरवायला, संमती घ्यायला आणि अध्यापकांच्या तयारीला मिळेल, आणि डिसेंबरअखेर पहिल्या तुकड्या कामाला लागतील. संमतीपत्र, डॉक्टरांकडे पाठवण्याची चिठ्ठी, कौशल्य परीक्षेचा तक्ता आणि दहा आठवड्यांचं व्यायामपत्रक, चारही मराठीत तयार करून द्यायला आम्ही तयार आहोत.

कळावे,
आपले नम्र,
व्यायाम व आरोग्य विषयाचे काही अध्यापक आणि फिजिओथेरपिस्ट